शब्दशोधाच्या एका ओळीमागे

मजकुरात एखादा शब्द आहे की नाही हे सांगणारे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, पायथॉन या संगणकीय भाषेत आज एका ओळीत लिहिता येते, कारण 'इन' (in) हा ऑपरेटर, म्हणजे क्रियादर्शक शब्द, शोधाचे सगळे काम आपल्याकडे घेतो. ही सोय मात्र सुरुवातीपासून नव्हती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भाषेत बराच काळ 'इन'च्या डाव्या बाजूला एकच अक्षर चालत असे. संपूर्ण शब्द देण्याची मुभा २००३ च्या २.३ आवृत्तीत मिळाली, आणि तोवर शब्दाचे स्थान सांगणाऱ्या 'फाइंड'ने दिलेले उत्तर उणे एक, म्हणजे 'सापडला नाही', असे आहे का, हे तपासावे लागे.

या ओळीच्या आत चालणाऱ्या रीतीचा इतिहास पायथॉनहून जुना आहे. मजकुरातील प्रत्येक स्थानापासून शब्द जुळवून पाहणे ही सरळ रीत. पण तिच्यात वाईटात वाईट परिस्थितीत मजकुराची लांबी गुणिले शब्दाची लांबी इतक्या तुलना होऊ शकतात. जेम्स मॉरिस यांनी एका टेक्स्ट एडिटरसाठी (मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रॅमसाठी) काम करताना, जुळणी फसली तरी मजकुरात मागे न फिरणारी रीत शोधली. पुढे इतरांनी ती न समजल्याने 'दुरुस्त' करून तिचा पार विचका केला, असा किस्सा आहे. डोनाल्ड नूथ आणि व्हॉन प्रॅट यांच्यासह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून तुलना सुरू करून, न जुळल्यास अनेक स्थाने एकदम ओलांडणारी रीत मांडली. माझ्या मते या दोहोंत अधिक चमत्कारिक हीच, कारण तिच्यात मजकुरातील पुष्कळ अक्षरे वाचावीच लागत नाहीत. २००६ च्या पायथॉन २.५ मध्ये फ्रेडरिक लुंड यांनी तिच्याच वंशातील सोपी आवृत्ती घातली, आणि २०२१ च्या ३.१० मध्ये लांब मजकुरांसाठी क्रोशमोर व पेरँ यांच्या १९९१ मधील 'टू-वे' रीतीची भर पडली.

वेगाचा प्रश्न असा मार्गी लागला, तरी 'शब्द' म्हणजे काय हा प्रश्न उरतोच, कारण 'इन' फक्त अक्षरांची सलग माळ पाहते: 'मत' शोधले तर 'किंमत'ही सापडते. इंग्रजीसाठी पायथॉनच्या 'री' (re) या नमुना-शोधाच्या मॉड्यूलमधील, शब्द कुठे सुरू होतो वा संपतो ते दाखवणारी शब्दसीमेची खूण येथे उपयोगी पडते. मराठीत तीही फसते, कारण हे मॉड्यूल वेलांटी किंवा मात्रा यांना शब्दातील वर्ण मानत नाही आणि म्हणून 'घरी' या शब्दात 'घर'नंतर सीमा आहे असे धरून चालते. मोकळ्या जागेवर मजकूर तोडून व विरामचिन्हे झटकून तुलना केल्यास ही चूक टळते. तरीही 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यात' मिळत नाही, कारण प्रत्ययापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. त्यासाठी तुलनेआधी मूळ रूप काढणारे वेगळे फंक्शन लिहावे लागते.