वाईन परत आणण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा

नव्यानं वाईन प्यायला लागलेले बरेच ग्राहक दोन दिवसांत उघडलेली बाटली घेऊन परत येतात. तक्रार ठरलेली: ‘रेड घशाला लागते, नुसता दारूचा वास येतो’, नाहीतर ‘व्हाइटला चवच नाही’. आम्ही ग्लासात ओतून बघतो. बहुतेक वेळा वाईन चांगली असते, चुकलेलं असतं ते तापमान. तुमची फेरी मात्र फुकट जाते.

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हा सल्ला थंड खोल्यांच्या काळातला आहे. रेडला लागतात साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस. खोली २७-२८ अंशांवर असेल तर अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते आणि फळाचा वास तिच्याखाली दबतो. व्हाइटचं उलटं होतं. फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात. इतक्या गार वाईनचा वास ग्लासातून वर येतच नाही, जिभेला कळतो तो नुसता आंबटपणा.

म्हणून रेड पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि व्हाइट पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, मात्र थेट फ्रिजमधूनच घ्या. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसते बर्फाचे खडे बाटलीला कुठे-कुठेच टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. रेड फार गारही करू नका. मग टॅनिन या रेडमधल्या द्रव्याचा तुरटपणा, कडक कोऱ्या चहानंतर जिभेवर राहतो तसा, जास्तच बोचतो.

पटत नसेल तर एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, प्रत्येकी एक तृतीयांशच, आणि एक वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. दुकानात हे आम्ही आनंदानं करून दाखवतो. शिराझ ही रेड वाईन परत करायला आलेल्या एका ग्राहकांना पहिल्या ग्लासात स्पिरिटसारखा वास आला. दुसरा नाकाशी नेल्यावर ते थांबले, पुन्हा हुंगला आणि म्हणाले, ‘अहो, मिरी!’ बाटली ते परत घेऊन गेले.

काउंटरवर आम्ही ‘कधी पिणार, कुठे ठेवणार?’ असं विचारतो ते याचसाठी. काहींना ही चौकशी नकोशी वाटते, पण त्या दोन प्रश्नांनी तुमची बाटली वाचते.

खरा दोष असेल तर बाटली बदलून देतो, त्यात खळखळ नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट वास आला तर तो बुचातला दोष. प्रकृतीला अपाय नाही, पण चव गेलेली असते. अशी बाटली बुचासकट आणा, आणि संपवून नव्हे. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे, थंडीनं जमलेले. तो दोष नाही.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. तीन ते पाच दिवस टिकते, पुढे आंबते. आठवड्यानं आणलेली बाटली आम्ही बदलू शकत नाही. घरात पिणारे एक-दोघेच असाल तर ७५० मिलीऐवजी ३७५ ची अर्धी बाटली मागा. अडीच ग्लास भरतात. रेड आणि व्हाइट दोन्हींत ठेवतो.