पॅसिव्ह बेस गिटारमध्ये अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्प बसवणे

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या, बेस गिटारच्या आत बॅटरीवर चालणारे छोटे सर्किट (प्रीअ‍ॅम्प) बसवून पिकअपचा, म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचा, नाजूक सिग्नल वाद्यातच सावरून घेण्याची पद्धत. ठाणे आणि नवी मुंबईत गणेशोत्सव-नवरात्रात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारे बेसवादक या कामाला नुसते ‘अ‍ॅक्टिव्ह करून घेणे’ म्हणतात. प्रीअ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करण्याची सोय, असा समज सर्रास आढळतो. मोठेपणा हा त्याचा दुय्यम गुण आहे. गिटारमधून निघालेला सूर वायरमध्ये वाटेतच मलूल होऊ न देणे, हे त्याचे खरे काम.

पिकअपमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. फेंडर कंपनीच्या जॅझ बेस या गिटारच्या पिकअपचा रोध मीटरवर साधारण ७ ते ८ किलोओहम दिसतो, पण तो स्थिर प्रवाहाला होणारा रोध आहे. वरच्या कंप्रतांना हेच वेटोळे कित्येक पटींनी जास्त अडवते. त्यातच गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतची वायर दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारिता जोडत जाते. सहा मीटरच्या वायरीत ती ६०० पिकोफॅरडच्या आसपास होते आणि तारेवर बोट पडल्याचा टणत्कार, स्लॅपची (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची) चटकदार धार बोथट होते. आवाजाचा पॉट, म्हणजे फिरवायचा नियंत्रक, थोडा मागे घेतला की ही धार आणखी कमी होते. पॅसिव्ह गिटारमधला टोनचा पॉट, म्हणजे २५० किलोओहमचा पॉट आणि बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, फक्त कापू शकतो. नसलेले आणून देणे त्याला शक्य नाही.

प्रीअ‍ॅम्पचा इनपुट साधारण एक मेगाओहमचा असतो, त्यामुळे पिकअपवर भार पडत नाही. आउटपुट मात्र जेमतेम काही किलोओहमचा किंवा त्याहून कमी, म्हणून पुढची वायर लांब असली तरी सिग्नल टिकतो. मग बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) वाढवता-घटवता येतात. यासाठी बहुतेक सर्किटांत वापरली जाते ती रचना पीटर बॅक्सांडाल या ब्रिटिश अभियंत्याने १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडली होती. घरातल्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरसाठी सुचवलेली कल्पना आज गिटारच्या पोटात बसते, हे मला फार सुंदर वाटते.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा, जॅझ बेस १९६० चा, दोन्ही पॅसिव्ह. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलेम्बिक कंपनीने गिटारच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स बसवण्याचा मार्ग दाखवला, आणि १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने तो कारखान्यात तयार होणाऱ्या गिटारपर्यंत नेला. पॅसिव्ह गिटार नंतर बदलून घेण्याचे सर्वांत ऐकलेले उदाहरण बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसचे. त्यात प्रीअ‍ॅम्प बसवला तो न्यूयॉर्कचे गिटार बनवणारे रॉजर सॅडॉस्की यांनी.

काम हाती घेण्याआधी जागा मोजावी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी सुमारे ४८.५ मिलिमीटर लांब, २६.५ रुंद आणि १७.५ जाड असते. जॅझ बेसच्या कंट्रोल प्लेटखाली ती कशीबशी बसते, प्रिसिजनच्या पिकगार्डखाली बहुधा लाकूड कोरावेच लागते. जुन्या, मूळ स्थितीतल्या गिटारला पटाशी लावू नये. कोरलेले लाकूड परत येत नाही. अशा गिटारसाठी बाहेरचा पेडल प्रीअ‍ॅम्पच योग्य. दुसरी अडचण भोकांची. आशियात बनलेल्या स्वस्त गिटारचे पॉट लहान, मिलिमीटरच्या मापाचे असतात, अमेरिकी मापाच्या पॉटला ९.५ मिलिमीटरचे भोक लागते. भोक वाढवायचे तर ड्रिलऐवजी रीमर हळूहळू फिरवावा, नाहीतर वार्निशचा टवका उडतो.

तयार मॉड्यूल बहुतेक जण ऑनलाइन मागवतात. पॉट, वायर, जॅक, तांब्याची पट्टी हे किरकोळ सामान घ्यायला ठाण्याहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड असा रस्ता ठरलेला. वाशीकर कुर्ल्याला गाडी बदलून दादर गाठतात.

जोडणीचा क्रम सरळ आहे : पिकअप, मग ब्लेंड (दोन पिकअपचे मिश्रण ठरवणारा पॉट) किंवा दोन व्हॉल्यूम, मग प्रीअ‍ॅम्पचा इनपुट, शेवटी जॅक. जुनी जोडणी उचकण्याआधी तिचे मोबाइलवर दोन-तीन स्पष्ट फोटो काढावेत. व्हॉल्यूम प्रीअ‍ॅम्पच्या आधी असेल तर पॉट २५० किंवा ५०० किलोओहमचा, नंतर असेल तर २५ किलोओहमच्या आसपासचा लागतो. हे उलटे झाले तर एका बाजूला पिकअपचा गळा दाबला जातो, दुसऱ्या बाजूला नव्या सर्किटचा फायदाच हरवतो. सोल्डरिंगला रोझिनचा गाभा असलेली सोल्डर वायर वापरावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी आम्लयुक्त पेस्ट लावू नये. खाडीकाठच्या दमट हवेत तिचा उरलेला अंश तांबे खात राहतो.

खरी गंमत जॅकमध्ये आहे. मोनोच्या जागी स्टिरिओ जॅक बसवतात आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या टोकाला, म्हणजे रिंगला जोडतात. नेहमीची मोनो पिन आत गेली की तिची लांब दांडी रिंग आणि अर्थ यांना एकत्र आणते आणि सर्किट सुरू होते. पिन काढली की बंद. वेगळा स्विच लागत नाही. म्हणूनच वाजवून झाल्यावर वायर गिटारला लावून ठेवली तर बॅटरी रात्रभर झिजत राहते. सर्किट एक मिलिअँपिअर ओढत असेल तर सुमारे ५०० मिलिअँपिअर-तासांची अल्कलाइन बॅटरी ५०० तासांच्या आसपास चालते, म्हणजे वायर काढायची सवय असेल तर दर कार्यक्रमाला नवी घ्यायची गरज नाही. बॅटरी उलटी धरून क्लिपला क्षणभर टेकवली तरी संरक्षक डायोड नसलेले सर्किट कायमचे जाऊ शकते, त्यामुळे क्लिप लावताना घाई करू नये.

दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट दिल्याने आवाज वाढत नाही. जोरदार स्लॅपच्या वेळी, बास वाढवलेला असताना, सिग्नलचे टोक कापले जात नाही एवढाच त्याचा लाभ. जोरात वाजवणाऱ्याला तो नक्की जाणवतो. मात्र आधी मॉड्यूलच्या माहितीपत्रकात परवानगी पाहावी. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १६ व्होल्ट छापले असेल तर तो नाद सोडावा.

गुणगुण, म्हणजे हम, प्रीअ‍ॅम्पने जात नाही, याची कल्पना बसवून घेणाऱ्याला आधीच द्यायला हवी. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण आणि नाट्यगृहातल्या दिव्यांच्या डिमरची खरखर स्वतःच ओढून घेतो, आणि ट्रेबल वाढवला की ती खरखरही वाढते. गडकरी रंगायतन असो वा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडलेली असेल तर फरक पडतो. पट्टीला पॉटची जिवंत टोके टेकणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. ब्रिजपासून जॅकच्या अर्थपर्यंत मीटरवर जवळपास शून्य ओहम यावेत. तारांमधून वादकाचे शरीरही अर्थला जोडलेले असते, म्हणून मंडपातल्या तात्पुरत्या वीजजोडणीत अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे वाजवण्याआधी विचारण्यात संकोच नको. हातात तारा आणि ओठांशी सदोष जोडणीचा माइक, या प्रसंगात जीव जाऊ शकतो, आणि अ‍ॅक्टिव्ह सर्किट त्यापासून वाचवत नाही.

नवे सर्किट हाती आले की बासचा पॉट पूर्ण फिरवण्याचा मोह होतो. मराठी ऑर्केस्ट्रात तो घात करतो. ढोलकीची धूम, डग्ग्याची घुमक आणि ड्रमचा किक हे सगळे आधीच खालच्या पट्ट्यात दाटी करून असतात. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पण ती कोणता सूर धरून आहे हे कानाला कळते ते तिच्या वरच्या स्वरांशांमुळे. कोळीगीताच्या ठेक्यात बेस ऐकू यायला हवा असेल तर ४०० ते ८०० हर्ट्झचा मध्य थोडा उचलावा आणि बास उलट किंचित खाली घ्यावा. म्हणून दोन पट्ट्यांच्या प्रीअ‍ॅम्पपेक्षा मिडचा पॉट असलेला प्रीअ‍ॅम्प इथल्या वादकाला जास्त उपयोगी, असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यात बॅटरीची क्लिप हिरवट पडते, पॉट खरखरतात. ऑगस्टमध्ये, गणपतीचे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, पोकळी उघडून क्लिप पुसावी आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. गळणाऱ्या स्वस्त झिंक-कार्बन बॅटऱ्या गिटारमध्ये ठेवू नयेत. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या काही बॅटऱ्यांच्या आतल्या कन्व्हर्टरची बारीक शीळ सिग्नलमध्ये उतरते, तेव्हा विकत घेतल्यावर आधी घरी वाजवून पाहाव्यात.

एका पॉटच्या जागी ओढून वर येणारा पुश-पुल पॉट बसवून अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह निवड ठेवता येते. तो नसलेली जोडणी मी कोणालाही सुचवत नाही. भर कार्यक्रमात बॅटरी संपली की आवाज आधी फाटतो, मग विझतो; तेव्हा पॉट ओढला की पिकअप थेट जॅकला जोडला जातो आणि गाणे न थांबता पुढे जाते.