दोन बेटं आणि गाबोळीचा हिशोब

फिलिपिन्समध्ये सुमिलोन आणि आपो अशी दोन चिमुकली बेटं आहेत. मासेमारीबंदी कुठे टिकते आणि कुठे मोडते हे बघायला यांच्यापेक्षा चांगली जोडी मला तरी माहीत नाही, कारण दोन्हीकडे माणूस तोच, तिथल्याच सिलिमन युनिव्हर्सिटीचे सागरी जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला, ज्यांना 1992 ला मॅगसेसे मिळालं.

1974 मध्ये त्यांनी सुमिलोनच्या प्रवाळाचा साधारण पाव भाग मासेमारीला बंद करून घेतला. पण बेटावर कायमची वस्ती नाही, मच्छीमार समोरच्या किनाऱ्यावरून यायचे. 1984 च्या सुमारास तिथलं राजकारण फिरलं आणि बंदी मोडली. आता जाळं टाकायला जागा वाढली म्हणजे मासळीही वाढायला हवी ना? झालं उलटंच, दीडेक वर्षात सगळ्या बेटाभोवतीची पकड जवळपास निम्म्यावर आली!

कारण गाबोळीत, म्हणजे माशांच्या अंड्यांत आहे. रेड स्नॅपर घ्या, आपल्या तांबोशीचा भाऊबंद, त्याची 61 सेंटीमीटरची एक मादी 42 सेंटीमीटरच्या 212 माद्यांएवढी अंडी देते. बंद भागात मासे नुसते संख्येने वाढत नाहीत तर असे थोराड होतात, गर्दी झाली की कडेने बाहेर सरकतात आणि तिथे गळाला लागतात, शिवाय अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर लांबवर जातात ते वेगळंच. ती थोराड मासळीच उचलली तर बाहेर सरकायला उरणार काय?

आपोवर मात्र लोक राहतात. तिथेही डायनामाइट, सायनाइड आणि मुरो-आमी (म्हणजे दोरांना दगड बांधून प्रवाळावर आपटत मासे जाळ्यात हाकायचे) सगळं चालायचं. 1979 पासून तीन वर्षं नुसत्या गप्पा झाल्या, काही मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन मासे दाखवले, तेव्हा कुठे 1982 मध्ये 14 कुटुंबं मासेमारीबंदीला तयार झाली. तीही जेमतेम 450 मीटर किनाऱ्यासमोरच्या पाण्यापुरती. एवढुसा तुकडा असल्यामुळे वाळूत एक माणूस बसला तरी कोण होडी घेऊन घुसतोय ते दिसायचं, ना पेट्रोल बोट ना ऑफिस. 1985 पर्यंत अख्खं बेट सोबत आलं. (आपल्या मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध झाला, तिथे या गप्पा आधी झाल्या असत्या तर, असं राहून राहून वाटतं.) गळ, बांबूचे सापळे चालू राहिले, बारीक आसाची (म्हणजे बारीक भोकांची) जाळी बंद.

मग डायव्हर आले, कासवं बघायला पर्यटक आले, फी सुरू झाली. पण 1994 मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, निर्णय नव्या मंडळाकडे गेले आणि फीचे पैसे सरकारी तिजोरीतून फिरून उशिरा यायला लागले, त्यावर बेटकऱ्यांची कुरकुर झाली आणि मला ती रास्तच वाटते. पाळत त्यांची, पैसा मनिलात!

2011 आणि 2012 च्या डिसेंबरात दोन वादळांनी त्याच राखीव तुकड्यातलं प्रवाळ झोडपून काढलं. तिथे पर्यटकांनाही बंदी आली, आणि मोडक्या प्रवाळावर मासेमारी बंदच राहिली.