अल्बमसाठी फोटोंचे नंबर देण्याआधी एकदा वाचा: फोटो पूर्ण साईजमध्ये कसे बघायचे आणि कसे निवडायचे

लग्नाचा पेनड्राईव्ह घरी गेला की पुढे काय होतं ते आम्हाला आता पाठ झालंय. रात्री जेवणं उरकली की सगळे जमतात, पेनड्राईव्ह टीव्हीला लागतो, आत्या-मावशी सांगतात हा घे तो घे, करवली वहीत नंबर लिहिते आणि दोन दिवसात लिस्ट आमच्याकडे येते. आम्ही त्यावरून अल्बम डिझाईन करतो, प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना पाठवतो, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा कोणीतरी फोटो मोठा करून बघतं आणि फोन येतो, की अहो यात नवरीचे डोळे अर्धवट मिटलेत, दुसरा टाका. दुसरा असतोच, कारण आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या क्षणाचे चार-पाच फोटो काढतो, पण तो आडवा आणि हा उभा असेल तर ती अख्खी शीट, म्हणजे समोरासमोरची दोन्ही पानं, परत मांडावी लागते. अशा आठ-दहा शीट झाल्या की अल्बम पंधरा दिवस मागे जातो आणि तुमचे पाहुणे विचारत राहतात अल्बम कुठंय.

यात तुमची चूक म्हणण्यापेक्षा हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं, म्हणून हा कागद.

मुख्य गोष्ट अशी की स्क्रीनवर मावलेला फोटो म्हणजे पूर्ण फोटो नाही. आमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन बहुतेक १९२० बाय १०८० असते. एवढा मोठा फोटो त्यात बसवायचा तर सॉफ्टवेअर त्याला २७ टक्क्यांवर आणतं, फोटोतले साधारण १४ पिक्सेल मिळून स्क्रीनवरचा एक ठिपका करतं. त्यामुळे थोडा हललेला, फोकस जरासा चुकलेला फोटोसुद्धा छोटा झाला की एकदम शार्प दिसतो. छोट्या आकारात सगळेच फोटो चांगले दिसतात, तिथे चार सारख्या फोटोंमधला फरक कळणारच नाही. बऱ्याच टीव्हींवर तर रंगही भडक करून दाखवतात, म्हणून टीव्हीवर हौसेने जरूर बघा पण नंबर तिथून काढू नका.

आता अल्बमचा हिशोब बघा. १२ बाय १८ इंचाच्या एका पानावर फोटो पूर्ण टाकायचा तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे फोटोतलं जवळजवळ सगळं छपाईत येतं, जे लॅपटॉपवर दिसलं नाही तेही. १२ बाय ३६ च्या पूर्ण उघड्या शीटवर पसरला तर इंचाला १६६ च्या आसपासच पिक्सेल उरतात, तिथे फोकस अगदी चोख पाहिजे. आणि हाच फोटो कोपऱ्यात ४ बाय ६ एवढा लावला तर १८०० बाय १२०० मध्ये काम होतं, थोडा सॉफ्ट, म्हणजे किंचित धूसर असला तरी चालून जातो. म्हणून फोटो बघताना तो मोठा लावायचाय की लहान हे डोक्यात ठेवा, एखादा भाव फार आवडला असेल तर फोकस कमी आहे म्हणून लगेच सोडून देऊ नका, नंबरच्या पुढे "लहान" लिहा, आम्ही जागा काढतो.

कसं बघायचं ते सांगतो. आधी पेनड्राईव्हमधलं सगळं लॅपटॉपवर कॉपी करा, थेट पेनड्राईव्हवरून उघडलं की एकेक फोटो यायला वेळ लागतो, मध्ये धुरकट दिसतो आणि लोकांना वाटतं फोटोच खराब आहे. विंडोजवर आम्ही फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर सुचवतो, घरगुती वापरासाठी फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही बरा चालतो. त्यात दोन, तीन किंवा चार फोटो सिलेक्ट करून टूलबारवरचं कम्पेअर बटण दाबलं की ते शेजारी शेजारी लागतात, आणि एकात झूम करून चेहऱ्यावर गेलात की बाकीचेही तेवढेच झूम होऊन त्याच जागेवर जातात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एक फोटो ४० टक्क्यांवर आणि दुसरा १०० वर (म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका ठिपक्यावर) बघून तुलना केली तर ४० वालाच जिंकणार. इर्फानव्ह्यू वापरत असाल तर तोही चांगला, त्यात कंट्रोल आणि एच दाबलं की फोटो १०० टक्क्यांवर येतो. संध्याकाळी बसणार असाल तर लॅपटॉपचा नाईट लाईट बंद करा, नाहीतर हळदीचे सगळे फोटो आहेत त्याहून पिवळे दिसतात आणि आमच्याकडे रंगाची तक्रार येते.

सगळे १८०० फोटो १०० टक्क्यांवर बघायची गरज नाही, आठवडा जाईल. पहिल्या फेरीत स्क्रीनभर बघून फक्त भाव बघा, कोण हसतंय, कोणाचे डोळे भरलेत. त्यातले जे दोन-तीन सारखे उरतील तेवढेच कम्पेअरला लावा, आणि तिथे आधी डोळे बघा, मग बाकी. सगळ्यात जास्त फसवतात ते अक्षता टाकतानाचे फोटो. अंतरपाट दूर झाला की चारी बाजूंनी अक्षता पडतात, आणि कधी कधी कॅमेऱ्याचा फोकस चेहऱ्याऐवजी समोर उडणाऱ्या तांदळावर बसतो. छोटा फोटो एकदम सुरेख दिसतो, मोठा केला की दाणा न दाणा मोजून घ्या आणि नवरानवरी धूसर. म्हणूनच आम्ही तेव्हा सलग फोटो घेतो, आणि म्हणूनच "एवढे सारखे फोटो कशाला दिले" असं कोणी विचारलं तरी आम्ही ते आमच्या मनाने उडवत नाही, कारण मागे आजी कोणत्या फोटोत डोळे पुसतेय हे तुम्हाला कळेल, आम्हाला नाही. स्टेजवरच्या ग्रुपचंही तसंच, ३० माणसांत एकाचे डोळे मिटलेले असतातच, तिथे डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा बघत जा, आणि व्याह्यांच्या बाजूचे चेहरेही बघा.

याच्या उलटंही होतं. काहीजण ३००-४०० टक्के झूम करतात आणि फोटो फुटतोय म्हणून फोन करतात. १०० च्या पुढे गेलात की नवीन काही दिसत नाही, आहेत तेच ठिपके मोठे होतात, कोणत्याही कॅमेऱ्याचा फोटो तिथे फुटणारच. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर १०० टक्के म्हणजे तुम्ही साडेतीन फूट रुंद फोटो हातभर अंतरावरून बघताय असं समजा. हॉलच्या कमी उजेडात काढलेल्या फोटोत तिथे थोडे रवाळ दाणे (ग्रेन) दिसतील, १२ बाय १८ च्या पानावर ते जाणवत नाहीत. खात्री हवी असेल तर या, आधीच्या छापलेल्या शीट आम्ही दाखवायला ठेवल्यात, तोच फोटो स्क्रीनवर आणि कागदावर एकाच वेळी बघता येतो.

एक विनंती. निवडलेले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, स्क्रीनशॉट तर नकोच. साधा पाठवलेला फोटो तिथे बारीक होतो, आणि अँड्रॉईडवर उतरवला की त्याचं नाव बदलून तारीख आणि डब्ल्यूए असं काहीतरी होतं, मग १८०० मधून तो कुठला हे एकेक ताडून शोधायला आमचा एक मुलगा अख्खा दिवस बसतो. फाईलचा मूळ नंबर लिहा, शेवटचे चार आकडे पुरतात. मात्र फाईलचं नाव घरी बदलू नका आणि हळद, लग्न, रिसेप्शन हे फोल्डर एकत्र करू नका, नंबर फोल्डरनुसार लिहा.

दोन प्रूफपर्यंत बदल मोफत आहेत, तिसऱ्यापासून शीटमागे चार्ज लागतो, तो वर सांगितलेल्या मांडणीच्या कामाचाच आहे. आणि घरी लॅपटॉप नसेल, किंवा सगळ्यांचं एकमत होत नसेल, तर स्टुडिओत या. आमच्याकडे रंग जुळवलेला २७ इंची मॉनिटर आहे, सिलेक्शनला बसायचे पैसे नाहीत, दोन-तीन तासात १२० फोटो आरामात निघतात. मंगळवार ते गुरुवार दुपारी गर्दी कमी असते, आदल्या दिवशी फोन करा आणि ज्यांचं म्हणणं घरात शेवटी चालतं त्यांना बरोबर आणा.