कानाच्या संसर्गावरील स्टेरॉइड उपचार

कानाच्या संसर्गावरील स्टेरॉइड उपचार : कानातील सूज, कंड व ठणका कमी करण्यासाठी कॉर्टिकोस्टेरॉइड गटातील औषधे थेंब, गोळ्या किंवा पडद्यातून टोचायच्या इंजेक्शनाच्या रूपात देण्याची पद्धत. स्टेरॉइड जंतू मारीत नाही. ते शरीराची दाहक प्रतिक्रिया दाबते. म्हणून आजार कानाच्या कोणत्या भागात आहे आणि सोबत जंतुनाशक दिले आहे की नाही, यावर त्याचे हिताहित ठरते. कान ठणकणे, कान फुटणे आणि कानाला दडे बसणे या तक्रारी मराठवाड्यात बहुधा एकाच आजाराच्या मानल्या जातात. त्यांवरील उपचार मात्र एक नाहीत.

मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतील कॉर्टिझोन हे स्टेरॉइड 1930 च्या दशकात वेगळे करण्यात आले. अमेरिकन वैद्य फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये ते संधिवातावर वापरले आणि 1950 चे नोबेल पारितोषिक त्यांना केंडल व राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसह मिळाले. त्वचेवर लावायच्या हायड्रोकॉर्टिझोनचा उपयोग 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. कानाचे थेंब त्यानंतर, साधारणपणे त्याच दशकात, प्रचारात आले असावेत. कर्णनलिकेचे अस्तर त्वचेचेच असल्याने हा क्रम स्वाभाविक वाटतो.

कानात औषध सोडण्याची कल्पना अर्थात जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 28 कर्णरोग सांगितले असून आयुर्वेदात कर्णपूरणाचा (कानात औषधी तेल भरण्याचा) विधी आहे. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडण्याची चाल त्यातूनच आली, असे काही जण मानतात. परंतु शास्त्रोक्त विधी रोगनिदानावर बेतलेला आहे, तर घरगुती चाल सरसकट आहे; दोन्ही स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक. पडद्याला छिद्र असलेल्या कानात असे तेल जाणे घातक ठरू शकते.

स्टेरॉइडचा निर्विवाद उपयोग बाह्यकर्णाच्या दाहात होतो. उन्हाळ्यात विहिरीत पोहणाऱ्या मुलांमध्ये ओलाव्याने नलिकेचे अस्तर फुगते व स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस जंतू वाढतात. कानाची पाळी ओढताच कळ येते. अशा वेळी प्रतिजैविक व स्टेरॉइड यांचे मिश्र थेंब देतात. नलिका फारच सुजली असेल, तर औषधात भिजवलेली कापडी वात आत ठेवतात. पडद्याला छिद्र असल्यास निओमायसिन किंवा जेंटामायसिनयुक्त थेंब टाळतात, कारण ते अंतर्कर्णाला विषारी ठरू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनयुक्त थेंब त्या मानाने सुरक्षित आहेत. पावसाळी दमटपणात आढळणाऱ्या बुरशीच्या (बहुधा अ‍ॅस्परजिलस) संसर्गात नुसते स्टेरॉइड टाकले, तर कंड थांबतो आणि बुरशी फोफावते. तेथे कानाची सफाई व क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक हाच मार्ग. वृद्ध मधुमेही रुग्णाचा कान रात्रंदिवस ठणकत असेल, तर संसर्ग कवटीच्या हाडात उतरल्याची शंका घ्यावी लागते. गोळ्यांतील स्टेरॉइडने त्याची साखर भडकते आणि प्रतिकार खचतो. स्टेरॉइड, मधुमेह आणि बुरशी एकत्र आल्यावर काय होते, हे 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत महाराष्ट्राने पाहिले.

मध्यकर्णाबाबत मतभेद आहेत. पडद्यामागे पाणी साचून मुलाला कमी ऐकू येते, तेव्हा तोंडावाटे स्टेरॉइड देण्याची पद्धत पूर्वी होती. कंठकर्णनलिकेची (घसा व मध्यकर्ण जोडणाऱ्या नळीची) सूज उतरली की पाणी वाहून जाईल, असा तर्क त्यामागे होता. ब्रिटनमधील 389 मुलांच्या चाचणीने (2018) तो फारसा टिकू दिला नाही : सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिल्यावर पाच आठवड्यांनी समाधानकारक श्रवण सुमारे 40 टक्के मुलांत आढळले आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे 33 टक्के, हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य ठरला नाही. मुलांचे पाणी पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप ओसरते. म्हणून थांबून पुन्हा तपासण्याचे मत आज वरचढ आहे, आणि तेच पटणारे आहे. जुनाट वाहत्या कानात सफाई, प्रतिजैविक थेंब व गरजेनुसार पडद्याची शस्त्रक्रिया यांवर भर असतो.

कानाच्या नागिणीत विषाणुरोधकाबरोबर स्टेरॉइड देतात. अचानक आलेल्या बहिरेपणात मात्र ते दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. अशा बहिरेपणाची तपासणी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तसेच अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकते. ‘मळ असेल’ म्हणून घरी काढलेले दिवस या मुदतीतूनच वजा होतात.