वीज अंगावर पडते कमी, पायांखालून येते जास्त

वर्तमानपत्रातली बातमी बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते: झाडाखाली आसऱ्याला थांबलेल्या शेतमजुराचा अंगावर वीज पडून मृत्यू. माणूस झाडाखाली होता, हे खरेच. पण वीज बहुधा त्याच्या अंगावर पडलेली नसते, झाडावर पडलेली असते. तिथून ती त्याच्यापर्यंत कशी पोचली, हे नीट कळले तर यातले कितीतरी मृत्यू टळतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसे गेली. पूर, उष्माघात, थंडी यांपेक्षा हा आकडा मोठा असतो, पण माणसे एकेकटी, दोघे-तिघे अशी जातात, म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही.

महाराष्ट्रात विजेचे दिवस दोन: एप्रिल ते जूनचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. भर आषाढ-श्रावणात दिवसदिवस पाऊस लागतो, तेव्हा विजा कमी असतात, कारण त्या ढगांत वर जाणारा हवेचा झोत जोरकस नसतो. वळवाच्या ढगाचे तसे नाही. सकाळभर जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारी दोन-तीननंतर ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. आत शून्याखाली १० ते २० अंशांच्या पट्ट्यात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर घासतात. हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन मधल्या थरात राहतात. हा भार साठत जातो आणि एका क्षणी हवा त्याला अडवू शकत नाही.

नेमकी हीच वेळ शेतातल्या घाईची असते. वळीव आला की उघड्यावरचा कांदा ताडपत्रीने झाकायला माणसे धावतात, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी नाहीतर मळणी चाललेली असते. ढग भरून आल्यावर जी दहा मिनिटे माणसाने घरात असायला हवे, त्याच दहा मिनिटांत तो उघड्या रानात असतो. माल भिजेल ही भीती खरी आहे, म्हणून सल्लाही तिथून सुरू व्हायला हवा: या दोन हंगामांत माल सकाळीच झाकून ठेवा, ताडपत्री ढिगाशेजारी दगड लावून तयार ठेवा, दुपारनंतर झाकायला जाण्याची वेळ येऊ देऊ नका.

विजेने दगावलेल्यांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी मांडलेली वाटणी साधारण अशी आहे. थेट अंगावर वीज पडून जाणारे शंभरात तीन ते पाच. तारेचे कुंपण, नळ अशा वस्तूला हात लागलेला असताना बसलेला धक्का, तेवढाच. झाडावर किंवा खांबावर पडलेली वीज बाजूला उडी मारून जवळच्या माणसावर येते, असे जवळजवळ एक तृतीयांश. खाली येणाऱ्या विजेला भेटायला जमिनीवरच्या उंच गोष्टींतून छोट्या विद्युतशिखा वर उठतात. त्यांतली एखादी माणसाच्या डोक्यातून उठते आणि मुख्य विजेशी न जुळताही त्याला इजा करते, असे दहा ते पंधरा. उरलेले निम्मे किंवा थोडे जास्त जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने जातात.

हा जमिनीतला प्रवाह समजून घ्यायला थोडे गणित करू. वीज पडते तेव्हा सुमारे ३०,००० अँपिअर प्रवाह जमिनीत शिरतो आणि पाण्यातल्या तरंगासारखा चारी बाजूंना पसरतो. पडल्या जागेजवळ विद्युतदाब प्रचंड असतो, लांब जावे तसा उतरतो. तुमचा एक पाय एका दाबावर आणि दुसरा थोड्या कमी दाबावर असतो. हा फरक पायांतून प्रवाह ढकलतो. मध्यम ओलीची माती धरली, तर वीज पडल्या जागेपासून १० मीटरवर, त्या दिशेने अर्ध्या मीटरचे पाऊल टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांत सव्वादोन हजार व्होल्टच्या आसपास फरक येतो. पाय जुळवून, दहा सेंटिमीटरच्या आत ठेवले तर तो पाचशेच्या खाली उतरतो. आडवा झोपलेला माणूस त्याच अंतरावर डोके ते पाय साडेसहा हजार झेलतो. म्हणून वीज कडाडत असताना जमिनीवर आडवे होणे ही सर्वांत वाईट कृती. काळ्या, भिजलेल्या रानात हे आकडे कमी होतात, मुरमाड माळावर किंवा खडकावर कितीतरी वाढतात.

बैल, म्हशी आणि शेळ्यांचे कळप एकदम का मरतात, याचेही उत्तर या गणितात आहे. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून दीड मीटर अंतरावर असतात, म्हणजे त्याच जागी त्याच्या वाट्याला सहा हजारांहून जास्त व्होल्ट येतात. शिवाय माणसाच्या एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरणारा प्रवाह काळजाला बऱ्यापैकी चुकवतो, जनावरात तो पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे जाताना छातीतूनच जातो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावर एका वादळात ३२३ रेनडिअर एकाच जागी मरून पडले, ते याच कारणाने. दाटीने उभे होते. आपल्याकडे बैलजोडी गेली आणि धनी वाचला, हे ऐकून लोक दैवाला श्रेय देतात. त्यात पायांमधल्या अंतराचा वाटा मोठा असतो. ढग येताना जनावरे एकाच झाडाला दावणीने बांधून ठेवू नका आणि तारेच्या कुंपणालगत तर मुळीच नको. तार मैदानाच्या एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकापर्यंत आणून सोडते.

आता झाडाचे. एकटे उभे आंब्याचे किंवा कडुलिंबाचे झाड आसऱ्यासारखे वाटते, पण विजेला लागणारी उंचीही तेच देते. खोडातला रस क्षणात वाफ होऊन साल फुटते, आणि लाकडापेक्षा माणसाचे शरीर प्रवाहाला जास्त वाट देते, म्हणून वीज खोडातून बाजूच्या माणसावर येते. खोडाला टेकून बसणे आणि तीन मीटरवर बसणे यांत फार फरक नाही. दोन्ही ठिकाणी बाजूची उडी आणि जमिनीतला प्रवाह एकत्र येतात.

गावोगाव एक समज आहे की पायाळू माणसावर वीज पडते, म्हणून वादळात त्याला घराबाहेर सोडायचे नाही. विजेला जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, हे कळण्याचा प्रश्नच नाही. या समजाने पायाळूला नाहक धास्ती बसते, आणि त्याहून वाईट, बाकीच्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटते. मोबाइलचेही तसेच. मोबाइल विजेला ओढत नाही. सोने-चांदीही ओढत नाही, अंगावरच्या धातूने फार तर त्या जागी भाजते. वीज बघते ती उंची, टोक आणि एकटेपणा: शिखर, मनोरा, माळावर उभा माणूस, त्याच्या डोक्यावरची छत्री, खांद्यावरचे फावडे. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर पाऊस बघायला चढलेल्या लोकांवर वीज पडून किमान ११ जण गेले. उंच जागेवरचा भिजलेला दगड आणि त्यावर दाटीने उभी माणसे. गडांवर पावसाळी सहली काढणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

सुरक्षित जागा दोनच आहेत: भिंती, छत, आतून वायरिंग आणि नळजोडणी असलेली पक्की इमारत, आणि काचा वर केलेली पत्र्याची बंद मोटार. मोटार टायरमुळे वाचवते असे सांगितले जाते, ते खरे नाही. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला चार इंच रबर काय अडवणार? मोटारीचा धातूचा सांगाडा प्रवाह बाहेरूनच वळवून जमिनीत नेतो, म्हणून आत बसल्यावर धातूला हात लावायचा नाही. मोटारसायकल, रिक्षा, उघडा ट्रॅक्टर यांना हा गुण नाही. रानातली खोपी, पत्र्याचे उघडे शेड, मांडव, बसथांब्याची शेड हीसुद्धा पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. घरातही त्या वेळी आंघोळ, भांडी घासणे, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर चालू-बंद करणे, चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावणे टाळा. ओटीच्या उंबऱ्यावर उभे राहून पाऊस बघू नका.

कधी आत जायचे? वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे आणि आता आतच असायला हवे. पण मोजत बसण्याचीही गरज नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहातच, कारण ढगाच्या कडेवरून निघालेली वीज दहा-पंधरा किलोमीटरवर, निरभ्र आकाशाखालीही पडते. बाहेर पडायचे ते शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटांनी. पाऊस थांबला की लगेच निघालेले बरेच जण सापडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास नुकत्या पडलेल्या विजा दाखवते आणि इशारा देते. ते चालायला फोनचे ठिकाण आणि नेट दोन्ही चालू हवे, म्हणून रानात जाण्याआधीच उघडून बघा.

आसरा जवळ नसेल तर? उकिडवे बसावे, पाय जुळवावेत, कान झाकावेत, असे सांगितले जाते. ते काही क्षणांसाठी ठीक. थेट पडणारी वीज त्याने टळत नाही आणि वादळभर कुणी तसे बसू शकत नाही. माझ्या मते त्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा उंचवट्यावरून उतरून, झाड, खांब, तार आणि पाणी सोडून, पक्क्या घराकडे चालू लागणे बरे. बरोबर दहा जण असतील तर दाटी करू नका. पंधरा-वीस मीटरचे अंतर ठेवून चाला, म्हणजे एका विजेत सगळे पडणार नाहीत आणि उभे राहिलेले पडलेल्याला वाचवू शकतील.

वाचवणे शक्य असते, हे कळकळीने सांगायचे आहे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. प्रवाह क्षणाचा असल्याने काळीज एकदम थांबते, पण बरेचदा आपोआप पुन्हा सुरू होते. श्वासाचे केंद्र मात्र मेंदूत असते आणि ते जास्त वेळ बधिर राहते. काळीज चालू, श्वास बंद, अशा स्थितीत रक्तातला प्राणवायू संपतो आणि काळीज दुसऱ्यांदा थांबते, ते मग सुरू होत नाही. म्हणजे माणूस दुसऱ्या थांबण्याने जातो, आणि तिथवर काही मिनिटे आपल्या हातात असतात. ती मिनिटे जीप शोधण्यात घालवली जातात. छत्तीसगडात वीज लागलेल्यांना शेणात पुरून ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथेही हाच वेळ जातो.

एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने श्वास बघावा, तो नसेल तर छातीच्या मधोमध तळव्याची टाच ठेवून पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे. तीस दाबांनंतर मान मागे करून, नाक दाबून, तोंडाने दोन फुंकी द्याव्यात, प्रत्येकीला छाती वर आली पाहिजे. बुबुळांच्या बाहुल्या मोठ्या आणि निश्चल दिसल्या तरी थांबू नका, विजेत ते मरणाचे लक्षण नसते. पाय निळे-गार आणि लुळे पडणेही बहुधा काही तासांत ओसरते. एकावेळी अनेक पडले असतील तर जो हलत नाही, ओरडत नाही, त्याच्याकडे आधी धावा. जो कण्हतो आहे तो श्वास घेतो आहे, तो थोडा थांबू शकतो.

उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्यावे आणि काळजाचा आलेख काढून घ्यावा. पाठीवर फर्नच्या पानासारखी लाल नक्षी उमटली तर घाबरू नये, ती भाजल्याची खूण नाही आणि दिवसा-दोन दिवसांत जाते. कानाचा पडदा मात्र फाटलेला असू शकतो. विसराळूपणा, झोप न येणे, चिडचिड महिनोन्महिने राहते आणि घरचे त्याला कामचुकारपणा समजतात, तो आजाराचाच भाग आहे. मोतीबिंदू तर काही दिवसांनी किंवा महिन्यांनीही येऊ शकतो, तेव्हा डोळे पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.