कवटीतून दिसणारा उजेड

दर फेब्रुवारीत एक बातमी ठरलेली असते: ‘ऊन तापू लागल्याने पाहुणे पक्षी परतीच्या वाटेवर’. वाचताना ती पटतेही. आपल्याला उकडायला लागलं की आपण गोधड्या धुऊन गाठोड्यात बांधतो. तसं पक्ष्यांनाही उकडत असेल आणि ते थंड मुलखाकडे निघत असतील. पण पक्ष्याला निघायची वेळ सांगतो तो उजेड, ऊन नव्हे. आणि हा उजेड पक्षी डोळ्यांनी मोजत नाही.

या लेखाला कारण झालं ज्वारीचं एक रान. इंदापूर तालुका, उजनीच्या फुगवट्यापासून थोडं अलीकडे, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. बांधावरच्या पांगाऱ्याला पान एक नाही, नुसती लालभडक फुलं, आणि त्यात चोची खुपसून भोरड्यांचा गोंधळ चाललेला. मी मात्र शेजारच्या बाभळीकडे बघत होतो. तिथे काळ्या डोक्याच्या भारिटांचा थवा बसला होता. चिमणीपेक्षा जरा मोठा पक्षी, पोट हळदीसारखं पिवळं, पाठ विटकरी. जानेवारीत या नरांची डोकी धूळ बसल्यासारखी मळकट दिसतात, कारण काळ्या पिसांच्या कडा फिक्या असतात. पुढे त्या कडा झिजत जातात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. नवं पीस न उगवता, नुसत्या झिजेनं अंगावर येणारा हा लग्नाचा पोशाख! त्या सकाळी दुर्बिणीत एकाच फांदीवर तीन नर होते: एक अजून मळकट, एक अर्धामुर्धा, एक काळाभोर.

रानाचे मालक शेजारी येऊन उभे राहिले. दाणे खाणारी पाखरं कुणी इतकी निरखून का बघावीत, हे त्यांना कळेना. मग त्यांनीच विचारलं, ‘दरसाली शिमग्याच्या मागंपुढं ही जात्यात बघा. ह्यास्नी तारीख कोण सांगतं?’ बांधावर उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नव्हतं, म्हणून इथे सविस्तर देतो.

भारीट हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो. त्याची घरटी इराण, तुर्कस्तानपासून थेट आग्नेय युरोपापर्यंत. तिकडे बर्फ वितळला की नाही, हे इंदापुरात बसून कळायला मार्ग नाही. इथल्या हवेवर भरवसा ठेवावा, तर एखाद्या फेब्रुवारीत पारा ३५ अंशांवर जातो आणि एखाद्या मार्चमध्ये गारा पडतात. दरवर्षी न चुकता तशीच घडणारी गोष्ट एकच, दिवसाची लांबी. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. मार्चमध्ये लंडनचा दिवस रोज जवळपास ४ मिनिटांनी वाढतो, आपला जेमतेम एका मिनिटानं. मार्चच्या मध्यावर तो १२ तासांचा होतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी या भारिटावर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि त्याचा उंबरठा याच १२ तासांच्या आसपास आहे असं त्यातून दिसतं. दिवस त्याहून मोठा झाला की पक्षी बकाबका खायला लागतो, चरबी साठवतो, आणि २५ ग्रॅमच्या आसपासचं वजन ३५ ग्रॅमच्या पुढे जातं. हिवाळ्यात मोहरीहून बारीक असलेले नराचे वृषण शंभर पटींहून जास्त वाढतात.

पक्ष्यांमध्ये हे सगळं उजेडामुळे होतं, हे प्रयोगानं पहिल्यांदा दाखवलं विल्यम रोवन यांनी, कॅनडातल्या एडमंटनमध्ये. १९२५ साली त्यांचं टिपण ‘नेचर’मध्ये छापून आलं. भर हिवाळ्यात त्यांनी जंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि काही पिंजऱ्यांत संध्याकाळनंतर विजेचे दिवे लावून दिवस थोडा थोडा वाढवत नेला. हाडं गोठवणारी थंडी दोन्हीकडे सारखीच. तरी दिव्याखालच्या नरांचे वृषण वसंतात असावेत तसे वाढले, दिवा नसलेल्यांचे वाढले नाहीत. ऊन तापल्यामुळे पक्षी हलतात, या समजाला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं हे उत्तर आहे.

आता माझा सर्वांत लाडका भाग. हा उजेड पक्ष्याला कळतो कुठे? अर्थात डोळ्यांत, असं कुणीही म्हणेल. पण १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांना आढळलं की दृष्टी गेलेल्या बदकांमध्येही उजेडानं हाच बदल होतो. त्यांनी क्वार्ट्झच्या काडीतून प्रकाश थेट मेंदूच्या तळाशी पोचवला, तेव्हाही वृषण वाढले. अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. मग १९७० साली मायकेल मेनाकर आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये चिमण्यांवर एक सुंदर प्रयोग केला. सगळ्यांचे डोळे धडधाकट. काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली, म्हणजे जास्त उजेड आत जाईल. काहींच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, म्हणजे कमी जाईल. मग सगळ्यांना अगदी मंद उजेडाचा लांब दिवस दाखवला. पिसं काढलेल्यांना वसंत आल्याचं कळलं, शाईवाल्यांना नाही. डोळे उघडे असूनही नाही!

पक्ष्याची कवटी पातळ असते आणि तांबडा प्रकाश मांसातून बराच आत जातो. मुठीत टॉर्च धरून बघा, बोटं लाल दिसतात. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, काही पेशींमध्ये प्रकाश टिपणारी प्रथिनं आहेत, डोळ्यांतल्या प्रथिनांची चुलत भावंडंच. त्यांनी उजेड टिपला की पुढे काय होतं, हे नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटानं जपानी बटेरांमध्ये उलगडलं. मेंदूखाली लटकणाऱ्या पियुषिका ग्रंथीच्या देठाजवळ टीएसएच हे संप्रेरक तयार होतं. थायरॉइडची तपासणी केलेल्यांना हे नाव रिपोर्टवरून माहीत असेल. एरवी ते रक्तातून गळ्यातल्या थायरॉइडकडे जातं. इथलं मात्र उलट, वर मेंदूकडे जातं. तिथे ते एक विकर जागं करतं, ते विकर थायरॉक्सिनचा एक आयोडीन अणू काढून त्याचं अधिक जोरकस रूप बनवतं, आणि मग प्रजननाच्या संप्रेरकांची साखळी सुरू होते. बटेरात हा बदल पहिल्याच लांब दिवशी, पहाटेपासून साधारण १४ तासांनी दिसू लागतो.

पण उजेडाचे तास मोजतं कोण? खरं तर कुणीच मोजत नाही. १९३६ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी मांडलं की सजीवाच्या आत चोवीस तासांचं घड्याळ असतं आणि त्यात एक ठरावीक वेळ अशी असते, जेव्हा उजेड पडला तरच तो ‘लागतो’. पक्ष्यांमध्ये ही वेळ पहाटेनंतर साधारण बारा तासांनी सुरू होते. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असतो. मार्चमध्ये दिवस लांबतो आणि संध्याकाळचा उजेड त्या वेळेत शिरतो. म्हणूनच सहा तासांचाच दिवस ठेवून रात्री नेमक्या वेळी थोडाच वेळ दिवा लावला, तरी पक्ष्याचं शरीर त्याला लांब दिवस समजतं.

मग १२ तासांचा दिवस सप्टेंबरातही येतो, तेव्हा का नाही? कारण उन्हाळाभर लांब दिवस मिळाल्यावर ही यंत्रणा उजेडाला दाद देईनाशी होते. हिवाळ्यातले लहान दिवस मिळाले की ती पुन्हा ताजी होते. हिवाळा हवा तो त्यासाठी.

सगळेच पक्षी इतक्या काटेकोरपणे उजेडावर चालत नाहीत. सुगरण पावसाची वाट बघते, कारण तिला हिरवं गवत हवं. आणि याच दिवसांत टिटवीनं अंडी उंच जागी घातली म्हणजे यंदा पाऊस जास्त, असे व्हिडिओ फिरू लागतात. टिटवीला लागते मोकळी, खडेमाती असलेली सपाट जागा. ती बांधावर मिळो वा गच्चीवर. पुढच्या चार महिन्यांचं हवामान तिच्याकडे नसतं. कृपा करून असे व्हिडिओ बघून पेरणी ठरवू नका.

काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. २०१३ साली जर्मनीत ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्री फक्त ०.३ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेएवढा उजेड दिला, तर त्यांचे वृषण जवळपास महिनाभर आधी वाढले. त्या रानाच्या पलीकडे वस्तीवर आता हायमास्टचा दिवा आहे, आणि बाभूळ त्याच्या उजेडात येते.

भारीट दिवसा दाणे टिपतो, पण प्रवास रात्री करतो. पिंजऱ्यातला भारीटसुद्धा निघायच्या दिवसांत रात्री झोपत नाही, या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारत राहतो. मार्चअखेर मी मालकांना फोन केला. ‘परवा सांजच्याला झाड पिवळंधमक होतं,’ ते म्हणाले, ‘सकाळी बगितलं तर एक बी न्हाई.’